बर्लिन शहरांतील समलिंगी समाजाच्या इतिहासाचीं साधनें

१. प्रस्तावना

कागद कोण जपून ठेवतो व कां ठेवतो, ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें हाताळणारास चांगलें ठाऊक असतें. देशमुखाच्या वाड्यांत, कुळकर्ण्याच्या माळ्यावर किंवा एखाद्या भिक्षुकाच्या घरच्या पेटींत जे रुमाल सांपडले, ते बहुधा इतिहासाच्या प्रेमानें राखलेले नव्हते. वतनाचा महजर, इनामाची सनद, वर्षासनाचें आज्ञापत्र हीं हक्काचीं साधनें होतीं. कागद गेला तर हक्क बुडे; म्हणून बाप तो मुलाच्या हवालीं करी आणि मुलगा नातवाच्या. आपला इतिहास पुष्कळ अंशीं ह्या स्वार्थी सांभाळाचें फळ आहे.

आतां ह्याच्या उलट स्थितीची कल्पना करावी. एक समाज असा कीं, त्यांतील मनुष्याच्या घरांत सांपडलेलें पत्र त्याचा हक्क शाबीत करीत नाहीं, तर त्याचा गुन्हा शाबीत करतें. त्यास बहुधा संतति नाहीं. म्हणजे कागद हवालीं करण्यास वारस नाहीं. पुतण्या-भाचे वारस झाले तरी लोकलज्जेस्तव ते पेटी उघडतांच तिच्यांतील पत्रें चुलींत घालतात. अशा समाजाचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा? प्रस्तुत लेखांत बर्लिन शहरांतील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या इतिहासाचा विचार ह्याच एका दृष्टीनें करावयाचा आहे. बर्लिन निवडण्याचें कारण असें कीं, ह्या विषयावर इतकें लेखन, इतक्या लवकर, एकाच शहरांत झाल्याचें उदाहरण दुर्मिळ आहे. आणि तेथें जमलेला सर्वांत मोठा संग्रह भर दिवसा नष्ट करण्यांत आला. जमविणें, जाळणें व पुन्हां धुंडाळणें ह्या तिन्ही क्रिया तेथें स्पष्ट पाहावयास सांपडतात.

२. संज्ञांचा विचार

प्रथम शब्द पाहूं. कार्ल हाइनरिश उलरिक्स ह्या हानोव्हरच्या कायदेपंडितानें १८६४ पासून ह्या विषयावर पुस्तिका छापण्यास आरंभ केला. त्यानें प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ ह्या संवादांतील युरेनिया देवतेच्या नांवावरून ‘उर्निंग’ असा शब्द बनविला. ‘होमोसेक्शुअल’ हा आज जगभर चाललेला शब्द कार्ल मारिया केर्टबेनी ह्या लेखकाचा. तो त्यानें ६ मे १८६८ रोजीं उलरिक्सला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यांत योजलेला आढळतो आणि पुढील वर्षीं एका निनांवी पत्रकांत तो छापला गेला. एका जगन्मान्य संज्ञेचा जन्म अशा रीतीनें एका हस्तलिखित मसुद्यांत सांपडतो, ही गोष्ट ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस विशेष रुचेल. शब्दाचा पूर्वार्ध ग्रीक व उत्तरार्ध लॅटिन असल्यामुळें व्याकरणदृष्ट्या तो संकरच होय. पण व्याकरणाचे संकर व्यवहारांत टिकतात, हा अनुभव सर्व भाषांचा आहे. मराठींतील ‘समलिंगी’ हें त्याच शब्दाचें भाषांतर आहे.

संस्कृतज्ञ वाचकास येथें वात्स्यायनाच्या ‘तृतीया प्रकृति’ ह्या संज्ञेची आठवण होईल. माग्नुस हिर्शफेल्ड ह्या बर्लिनच्या वैद्यानें १९०४ मध्यें शहराच्या ह्या समाजाविषयीं जें पुस्तक लिहिलें, त्याचें नांवच ‘बर्लिनचें तृतीय लिंग’ असें होतें. परंतु शब्द जुळले म्हणून अर्थ जुळतो असें नाहीं. वात्स्यायन तृतीया प्रकृतीचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद सांगतो आणि नागरकाच्या व्यवहाराच्या अंगानें तिचें वर्णन करतो. हिर्शफेल्ड ह्यांच्यापुढें प्रश्न निराळा होता. जें जन्मतः येतें त्यास गुन्हा कसें म्हणावें, हें त्यांस न्यायालयास व लोकसभेस पटवून द्यावयाचें होतें. जुन्या संज्ञा नव्या समाजास चिकटवितांना हा भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

३. कायदा व पोलिसांचें दप्तर

प्रशियाच्या १८५१ च्या दंडविधानांतील १४३ व्या कलमानें पुरुषापुरुषांतील संभोग दंडनीय होता. १८६६ मध्यें प्रशियानें हानोव्हर खालसा केलें, तेव्हां हें कलम आपल्याही प्रांतास लागूं होणार, अशी धास्ती उलरिक्सला पडली. २९ ऑगस्ट १८६७ रोजीं म्यूनिच येथें जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेंत तो ह्या कलमाविरुद्ध बोलावयास उभा राहिला. सभेंत गोंधळ होऊन त्यास खालीं उतरावें लागलें. त्याची भीति खरी ठरली. जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यावर १८७१ च्या दंडविधानांत तेंच कलम १७५ ह्या क्रमांकानें आलें व १ जानेवारी १८७२ पासून सर्व साम्राज्यांत लागूं झालें. स्त्रियांचा त्यांत उल्लेख नव्हता. ह्या अनुल्लेखाचा परिणाम पुढें सहाव्या कलमांत पाहूं.

न्यायालयांनीं कलमाचा अर्थ संकुचित ठेवला होता. संभोगसदृश कृत्य घडल्याचा पुरावा लागे आणि तो बंद दाराआड मिळणें कठीण. म्हणून बर्लिनच्या पोलिसांनीं निराळा मार्ग धरला. लेओपोल्ड फॉन मेर्शाइट-हुलेसेम ह्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं १८८५ मध्यें ह्या कामाकरितां एक स्वतंत्र शाखा निघाली. समलिंगी लोकांचीं मद्यगृहें व वेषांतराचे नृत्यसमारंभ सरसकट बंद करण्यापेक्षां त्यांवर नजर ठेवणें पोलिसांस सोयीचें वाटलें. त्यांचा खरा रोख धाक घालून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांवर होता. कारण १७५ व्या कलमाच्या आश्रयानें हा धंदा शहरांत फोफावला होता. संशयितांचीं छायाचित्रें एका संग्रहांत लावून ठेवण्याची पद्धत ह्याच शाखेनें पाडली. हुलेसेमनंतर हान्स फॉन ट्रेस्को हा अधिकारी आला. त्याचें आत्मवृत्त १९२२ मध्यें प्रसिद्ध झालें असून तें ह्या काळाचें एक उपयुक्त साधन आहे.

पोलिसांचें दप्तर हें प्रतिपक्षाचें दप्तर होय. मराठ्यांचा इतिहास मोगलांच्या अखबारांवरून व इंग्रजांच्या वखारींच्या पत्रांवरून जसा सावधपणें काढावा लागतो, तसेंच येथेंही करावें लागतें. पोलिसाच्या नजरेस जें गुन्ह्यासारखें दिसलें तेंच त्यानें टिपलें. दोन माणसांनीं वीस वर्षें एका बिऱ्हाडीं शांतपणें संसार केला, ह्याची नोंद त्याच्या वहींत येत नाहीं. ती नोंद व्हावयास कोणी तरी तक्रार करावी लागते. म्हणून नुसत्या ह्या दप्तरावर विसंबलें तर सबंध समाज टोळ्यांचा व फसवणुकीचाच भासतो.

४. समाजाचें स्वतःचें लेखन

ह्या दप्तरास तोलून धरणारें दुसरें साधन म्हणजे त्या लोकांनीं स्वतः छापलेलें वाङ्मय. १५ मे १८९७ रोजीं हिर्शफेल्ड व त्यांचे तीन सहकारी ह्यांनीं शार्लोटेनबुर्ग येथें ‘शास्त्रीय-मानवहितवादी समिति’ स्थापिली. शार्लोटेनबुर्ग त्या वेळीं बर्लिनला लागून असलेलें स्वतंत्र नगर होतें. १९२० मध्यें तें बर्लिनांत सामील झालें. विज्ञानाच्या द्वारें न्यायाकडे, असें समितीचें ब्रीद होतें. १७५ वें कलम रद्द करण्याविषयींचा अर्ज तिनें राइशस्टागपुढें नेला आणि १३ जानेवारी १८९८ रोजीं समाजवादी पुढारी आउगुस्ट बेबेल ह्यांनीं त्याची बाजू मांडली. पोलिसांनीं कायदा खरोखर अमलांत आणला तर एकट्या बर्लिनकरितां नवे तुरुंग बांधावे लागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बेबेल हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

समितीचें वार्षिक १८९९ पासून १९२३ पर्यंत निघालें. त्यांत वैद्यक, कायदा, इतिहास व ग्रंथसूचि असे सर्व विभाग असत. ह्याच्या जोडीस आडोल्फ ब्रांड ह्याचें ‘डेर आयगेने’ हें १८९६ मध्यें सुरू झालेलें मासिक येतें. ब्रांडला वैद्यांचें तृतीय लिंगाचें प्रमेय मान्य नव्हतें. पुरुषापुरुषांतील स्नेह ही ग्रीक परंपरेंतील पौरुषाची खूण आहे, असा त्याचा पक्ष होता. एकाच शहरांत, एकाच समाजांत दोन पक्ष परस्परांविरुद्ध लिहीत होते, ह्यावरून हा समाज केवळ एका वैद्याच्या कल्पनेंतून निघालेला नव्हता, हें सिद्ध होतें.

१९१८ मध्यें जर्मनींत प्रजासत्ताक आलें, छापखान्यांवरील बंधनें सैल झालीं आणि ह्या वाङ्मयाचें रूप पालटलें. विद्वानांच्या वार्षिकाऐवजीं रस्त्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे मिळणारीं साप्ताहिकें व मासिकें निघूं लागलीं. फ्रीडरिश राडत्सुवाइट हा १९२३ मध्यें स्थापन झालेल्या ‘मानवी हक्क संघा’चा चालक व ह्यांतील अनेक पत्रांचा प्रकाशक होता. त्याचें ‘डी फ्रॉयंडिन’, म्हणजे ‘सखी’, हें स्त्रियांकरितां काढलेलें पत्र १९२४ ते १९३३ पर्यंत निघत होतें. १९२६ च्या अश्लील व हीन वाङ्मयाविरुद्धच्या कायद्यानें अशा पत्रांच्या विक्रीवर बंधनें आलीं, तरी तीं मधून मधून नांव बदलून चालू राहिलीं.

ह्या पत्रांतील कथा-कविता वाङ्मयदृष्ट्या सामान्य आहेत. पण इतिहासकाराचें लक्ष शेवटच्या पानांकडे गेलें पाहिजे. तेथें मंडळांच्या बैठकींच्या सूचना, नृत्यसमारंभांच्या तारखा, मद्यगृहांचे पत्ते, शिंपी व वैद्य ह्यांच्या जाहिराती आणि मैत्रीची इच्छा दर्शविणाऱ्या चार-चार ओळींच्या सूचना आहेत. नोलेंडोर्फ चौकाच्या आसपासची वस्ती ह्या समाजाचें केंद्र कसें बनलें, हें अशा मजकुरावरून रस्त्यारस्त्यानें मांडतां येतें. मोट्झ रस्त्यावरचें ‘एल्डोराडो’ हें नृत्यगृह प्रवाशांच्या वर्णनांमुळें जगप्रसिद्ध झालें. परंतु प्रवासी जें पाहावयास जात त्यापेक्षां घरचे लोक कोठें जमत, हें जाहिरातीच सांगतात. आपल्या इकडेही जमाखर्चाच्या वह्यांनीं बखरींहून अधिक खरें सांगितल्याचीं उदाहरणें आहेत.

५. संस्थेचा संग्रह व त्याचा नाश

६ जुलै १९१९ रोजीं हिर्शफेल्ड ह्यांनीं बर्लिनच्या टिअरगार्टन भागांत ‘लैंगिक विज्ञान संस्था’ उघडली. एका जुन्या प्रशस्त वाड्यांत ती होती. तेथें रोग्यांस सल्ला मिळे, व्याख्यानें होत, पदार्थसंग्रहालय सर्वांस पाहतां येई आणि परदेशचे अभ्यासक येऊन राहत. ख्रिस्टोफर इशरवुड हा इंग्रज कादंबरीकार १९२९ मध्यें बर्लिनास आला तेव्हां आरंभीं ह्याच संस्थेच्या लगतच्या खोलींत राहिला होता. संस्थेचा ग्रंथसंग्रह, छायाचित्रें, हस्तलिखितें आणि लोकांनीं स्वहस्तें भरून दिलेल्या प्रश्नपत्रिका हें तिचें खरें धन. एकेका प्रश्नपत्रिकेंत शंभराहून अधिक प्रश्न असत. म्हणजे प्रत्येक भरलेली पत्रिका हें एक लहानसें आत्मचरित्रच होतें. ज्यांस घरीं कागद ठेवण्याची सोय नव्हती त्यांनीं आपली हकीगत विश्वासानें येथें ठेवली. हें त्या समाजाचें एकत्र झालेलें दप्तर होतें.

कायदा बदलण्याचीही वेळ जवळ आली होती. १६ ऑक्टोबर १९२९ रोजीं राइशस्टागच्या दंडविधान-समितीनें १७५ वें कलम गाळावें असा ठराव १५ विरुद्ध १३ मतांनीं केला. पण नवें दंडविधान सभेपुढें मंजूर होण्यापूर्वींच आर्थिक संकट ओढवलें, नाझी पक्षाचें बळ वाढलें आणि ठराव कागदावर राहिला.

हिर्शफेल्ड स्वतः नोव्हेंबर १९३० मध्यें व्याख्यानांच्या निमित्तानें जगाच्या प्रवासास निघाले. अमेरिका, जपान, चीन करून १९३१ मध्यें ते हिंदुस्थानांत आले आणि कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत फिरले. त्यांचा प्रवासवृत्तांत १९३३ मध्यें स्वित्झर्लंडांत प्रसिद्ध झाला. मिस मेयो हिच्या ‘मदर इंडिया’ ह्या पुस्तकानें हिंदी लोकांच्या लैंगिक जीवनाची जी बदनामी केली होती, तिचा त्यांनीं त्यांत समाचार घेतला आहे. ह्या प्रवासांत शांघाय येथें ली शिउ तोंग नांवाचा तरुण चिनी विद्यार्थी त्यांस मिळाला व त्यांचा शिष्य आणि सोबती बनून पुढें बरोबर राहिला. हिर्शफेल्ड ज्यू होते, समाजवादी होते आणि ह्या विषयाचे पुरस्कर्ते होते; बर्लिनला परत जाणें त्यांस शक्यच राहिलें नाहीं.

६ मे १९३३ रोजीं सकाळीं शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी वाद्यें वाजवीत संस्थेच्या दारीं आले व आंत शिरून त्यांनीं मोडतोड केली. दुपारीं नाझी दळाच्या लोकांनीं उरलेलें काम पुरें केलें आणि ग्रंथ मोटारींत भरून नेले. चार दिवसांनीं, १० मे रोजीं रात्रीं, ऑपेरागृहासमोरील चौकांत मोठी होळी पेटली. इतर ग्रंथकारांच्या पुस्तकांबरोबर संस्थेचे ग्रंथ तींत पडले आणि हिर्शफेल्ड ह्यांचा अर्धपुतळा मिरवीत आणला गेला. संस्थेच्या ग्रंथांची संख्या निरनिराळ्या वृत्तांतांत दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत दिलेली आढळते. हिर्शफेल्ड ह्यांनीं हा देखावा पॅरिसच्या एका चित्रपटगृहांत वृत्तपटावर पाहिला.

छापील ग्रंथाची प्रत जळाली तरी दुसरी कोठें तरी मिळते. त्या वार्षिकाचे खंड आज वाचावयास मिळतात, हें त्याचें प्रत्यंतर होय. पण स्वहस्तें भरलेल्या प्रश्नपत्रिकेस दुसरी प्रत नसते. म्हणून ह्या नाशाचें माप ग्रंथांच्या संख्येवरून करणें चुकीचें आहे. जें हस्तलिखित व एकमेव होतें तें किती गेलें, हें मोजण्याची यादीही संग्रहाबरोबरच गेली.

६. १९३३ नंतर, व स्त्रियांचा पुरावा

ऑक्टोबर १९३४ मध्यें गुप्त पोलिस खात्यानें ठिकठिकाणच्या पोलिसांकडून समलिंगी पुरुषांच्या याद्या मागविल्या. जुन्या राजवटीनें नजर ठेवण्यासाठीं जें टिपण केलें, तें नव्या राजवटीस शिकारीसाठीं उपयोगी पडलें. २८ जून १९३५ च्या कायद्यानें १७५ वें कलम इतकें व्यापक केलें कीं, पूर्वीचा संभोगसदृश कृत्याचा पुरावा अनावश्यक झाला. त्यानंतर पत्र, छायाचित्र किंवा पत्त्यांची वही सांपडली म्हणजे तिच्यांतील प्रत्येक नांवाची चौकशी होऊं लागली. अशा काळीं शहाणा मनुष्य प्रथम काय करील? तो आपलीं पत्रें जाळील. संस्थेचें दप्तर शत्रूनें जाळलें. घरोघरचीं दप्तरें मालकांनीं स्वतःच्या हातांनीं जाळलीं, आणि तीं आपलीच नव्हे तर मित्रांचीही मान वांचविण्यासाठीं. नाझी काळांत सबंध जर्मनींत ह्या कलमाखालीं सुमारें ५०,००० पुरुषांस शिक्षा झाल्या आणि ५,००० ते १५,००० पुरुष छळछावण्यांत गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेथें त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. बर्लिनच्या सरकारी वकिलांचीं ह्या काळांतील प्रकरणें पुष्कळ अंशीं शिल्लक असून तीं आज बर्लिनच्या प्रांतिक दप्तरखान्यांत आहेत. एखाद्या कारकुनाचें किंवा वाढप्याचें प्रेमपत्र आज वाचावयास मिळतें, तें बहुधा जप्तीच्या पंचनाम्यास जोडलेलें असतें म्हणून. त्याचें रक्षण त्याच्या मारेकऱ्यानें केलें.

स्त्रियांची गोष्ट ह्याहून अवघड आहे. १७५ व्या कलमांत त्यांचा उल्लेख नसल्यामुळें त्यांचीं प्रकरणें नाहींत; प्रकरणें नाहींत म्हणून जप्त केलेलीं पत्रेंही नाहींत. कायद्यानें त्यांस वगळलें तें दयेनें नव्हे, तर स्त्रीच्या इच्छेस कांहीं महत्त्व आहे असें त्यास वाटलें नाहीं म्हणून. छळ झाला तो इतर नांवांनीं झाला आणि त्यामुळें दप्तरांत तो ओळखूं येत नाहीं. त्यांच्या बाजूचीं साधनें म्हणजे ८ ऑक्टोबर १९०४ रोजीं शास्त्रीय-मानवहितवादी समितीपुढें आना रूलिंग ह्या टोपणनांवाच्या बाईंनीं स्त्रीचळवळ व हा प्रश्न ह्यांच्या संबंधावर केलेलें भाषण, रूट मार्गारेटे रोएलिग हिचें बर्लिनच्या अशा स्त्रियांच्या बैठकींच्या जागांविषयींचें १९२८ चें पुस्तक, वर सांगितलेलीं नियतकालिकें आणि थोडीं खासगी पत्रें. शेवटच्या वर्गांत लिली वुस्ट हिचा संग्रह मुख्य होय. चार मुलांच्या ह्या आईचा युद्धकाळांत फेलिसे श्रागेनहाइम ह्या ज्यू तरुणीशीं स्नेह जडला. फेलिसेला २१ ऑगस्ट १९४४ रोजीं पकडून नेलें; ती परत आली नाहीं. लिलीनें तिचीं पत्रें व कविता जवळ जवळ साठ वर्षें जतन केल्या. त्यांवर १९९४ मध्यें एरिका फिशर ह्यांचें पुस्तक झालें आणि ते कागद आज बर्लिनच्या ज्यू संग्रहालयांत आहेत. एका बाईनें पेटी टाकून दिली नाहीं, म्हणून एवढा इतिहास उरला.

७. पेट्यांचा शोध

हिर्शफेल्ड १४ मे १९३५ रोजीं, आपल्या ६७ व्या वाढदिवशीं, नीस येथें वारले. मृत्युपत्रान्वयें कार्ल गीझे व ली शिउ तोंग हे दोन शिष्य त्यांच्या कागदांचे वारस झाले. गीझेनें १९३८ मध्यें ब्रनो येथें आत्महत्या केली आणि त्याच्याकडील भाग विखुरला. ली हा युरोप, अमेरिका व हाँगकाँग असे मुक्काम बदलीत अखेर कॅनडांतील व्हँकूव्हर येथें स्थायिक झाला. प्रत्येक स्थलांतरांत त्यानें गुरूचे कागद बरोबर नेले. १९९३ मध्यें तो वारला. त्याच्या घरच्या सामानांतील एक पेटी इमारतीच्या केरकचऱ्यांत टाकलेली होती. ती एका शेजाऱ्याच्या दृष्टीस पडली. आंतील जर्मन कागद महत्त्वाचे असावेत, असें वाटून त्यानें ती उचलून ठेवली व चौकशी चालविली. बर्लिन येथें १९८२ मध्यें स्थापन झालेल्या माग्नुस हिर्शफेल्ड मंडळास ह्या पेटीचा पत्ता चालू शतकाच्या आरंभीं लागला. तींत हिर्शफेल्ड ह्यांची १९२९ ते १९३५ पर्यंतची टिपणवही होती, तसाच त्यांचा मृत्युमुखवटाही होता. मंडळाचे राल्फ डोझे ह्यांनीं ती वही संपादून २०१३ मध्यें प्रसिद्ध केली. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेले रुमाल सोडवून आणल्याच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस ही हकीगत परकी वाटणार नाहीं.

८. युद्धोत्तर काळ व दप्तराची पुनर्घटना

१९४५ मध्यें राज्य बदललें, पण कलम गेलें नाहीं. पश्चिम जर्मनी व पश्चिम बर्लिन येथें १९३५ चेंच स्वरूप १९६९ पर्यंत लागूं राहिलें. १० मे १९५७ रोजीं, म्हणजे होळीच्या तिथीलाच, तेथील घटना-न्यायालयानें तें वैध ठरविलें. त्या वीस वर्षांत पुन्हां सुमारें ५०,००० पुरुषांस शिक्षा झाल्या. ह्यामुळें छावणींतून जिवंत परतलेल्या माणसासही आपली हकीगत लिहिण्याची सोय नव्हती. लिहिणें म्हणजे गुन्हा कबूल करणें. पूर्व जर्मनींत १९५० पासून कलमाचें जुनें सौम्य रूप चाललें व पुढें १९६८ मध्यें तें बदललें. सर्व जर्मनींतून १७५ वें कलम नाहींसें झालें तें १९९४ मध्यें.

कायदा सैल होतांच संग्रह सुरू झाले, हा कार्यकारणभाव ध्यानांत घेण्यासारखा आहे. १९६९ मध्यें शिक्षा सौम्य झाली, १९७१ मध्यें पश्चिम बर्लिनांत समलिंगी लोकांची नवी चळवळ उभी राहिली, आणि १९७३ मध्यें तिच्यांतील स्त्रियांनीं ‘श्पिनबोडेन’ हा आपला दप्तरखाना आरंभिला. १९८४ मध्यें बर्लिन संग्रहालयांत १८५० ते १९५० ह्या शतकांतील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या जीवनावर प्रदर्शन भरलें. त्यासाठीं लोकांनीं घरांतून काढून दिलेल्या वस्तु व कागद पाहून स्थायी संग्रहाची गरज पटली आणि १९८५ मध्यें स्वतंत्र संग्रहालय स्थापन झालें. ऑपेरागृहासमोरच्या त्या चौकास १९४७ पासून बेबेल ह्यांचें नांव आहे. ज्यानें ह्या लोकांची बाजू राइशस्टागांत मांडली, त्याच्याच नांवाच्या चौकांत त्यांचें दप्तर जळालें होतें. तेथें १९९५ मध्यें मिखा उलमान ह्या शिल्पकारानें जमिनीखालीं एक खोली बांधून तींत रिकाम्या पांढऱ्या फळ्या लावल्या. वरच्या कांचेंतून त्या दिसतात. खालीं उतरतां येत नाहीं.

एक शेवटची गोष्ट आरंभींच्या प्रश्नास उत्तर देते. २०१७ मध्यें जर्मनीनें कायदा करून युद्धोत्तर काळांतील ह्या कलमाखालच्या शिक्षा रद्द ठरविल्या. प्रत्येक शिक्षेबद्दल ३,००० युरो आणि तुरुंगवासाच्या प्रत्येक सुरू झालेल्या वर्षाबद्दल १,५०० युरो अशी भरपाई नेमली. ती मागावयाची तर शिक्षेचा पुरावा पाहिजे. निकालपत्र नसेल तर शपथेवर सांगावें लागे. जो कागद साठ वर्षें कलंक म्हणून दडविला किंवा फाडला, तोच एका दिवसांत सनदेच्या योग्यतेस चढला. पण तोंवर अर्जदारांपैकीं कितीएक वारले होते आणि त्यांचे कागद त्यांच्या आधींच गेले होते.

९. संग्राहकांस विनंति

हिंदुस्थानांतही १८६० च्या दंडविधानांतील ३७७ वें कलम होतें. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या व्यवहारापुरतें तें सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द केलें. दीडशेहून अधिक वर्षें ज्यांस कागद ठेवण्याचें भय होतें अशीं माणसें आपल्या शहरांतही होतीं. त्यांचीं पत्रें, रोजनिशा व छायाचित्रें आज जुन्या बाजारांत व घरांच्या वांटणींत आपल्यासमोर येण्याचा संभव आहे. त्यांविषयीं तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, जुडगा मोडूं नये. पत्रें, पाकिटें, वह्या व चित्रें ज्या क्रमानें व ज्या ठिकाणीं सांपडलीं तें टिपून एकत्र ठेवावीं. अप्रशस्त वाटलें म्हणून एक पत्र काढून टाकणें हें संग्राहकाचें काम नव्हे. दुसरी, पुराव्यापलीकडे अनुमान नेऊं नये. जुन्या मराठी पत्रांतील मित्रप्रेमाची भाषा फार उत्कट असते; तेवढ्यावरून लिहिणाराची प्रकृति ठरविणें हें त्यास दडविण्याइतकेंच अन्यायाचें आहे. तिसरी, जिवंत माणसांचा व त्यांच्या घराण्यांचा मान राखावा. नांवें उघड करण्यास अवधि घालून कागद मोहोरबंद ठेवतां येतात. पण जाळलेला कागद कोणत्याही अवधीनंतर उघडतां येत नाहीं.

व्हँकूव्हरच्या त्या शेजाऱ्यास हिर्शफेल्ड हें नांवही परिचयाचें नव्हतें. टाकलेली पेटी उचलून घरांत ठेवण्यापुरती जिज्ञासा त्याच्यापाशीं होती आणि तेवढी पुरली. आपणांपाशीं तर ह्या कामाची शंभर वर्षांची परंपरा आहे.